खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये काळी वाळू: काय घ्यायचं, कसं तपासायचं, कसं अंथरायचं

इंदूरमध्ये मरीन टँक लावायचा म्हणजे मिठापासून खडकापर्यंत सगळं बाहेरून मागवावं लागतं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यात वाळू हीच एक वस्तू अशी, की ती इथेच मिळेल असं वाटतं. पायाखाली सगळा काळा पत्थरच तर आहे, क्रशरवर चुरीचे ढीग लागलेले असतात, आणि कोकणात गावी गेलं की काळ्या पुळणीवरून पिशवीभर वाळू आणणारे नातेवाईकही असतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. 'ब्लॅक सँड' या एका नावाखाली बाजारात निदान सहा वेगवेगळे पदार्थ फिरतात. त्यातला एक डोळे झाकून चालतो, दोन पारखून चालतात, बाकीच्यांनी टँक बसतो. रंग मात्र सगळ्यांचा सारखाच. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न "केवढ्याला?" हा नाही, "ही कशाची आहे?" हा आहे. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर एकच किलो घ्या, घरी तपासा आणि मग बाकीची घ्या.

आधी ठरवा, काळी हवीच का

काळ्या तळावर पिवळा टँग, नारिंगी क्लाउनफिश, रॉयल ग्रामा असे रंग उठून दिसतात. टँक खोल वाटतो. सुरुवातीच्या आठवड्यांत येणारा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर पांढऱ्या वाळूवर जितका डोळ्यांत खुपतो तितका इथे खुपत नाही. हे फायदे खरे आहेत.

तोटेही तितकेच खरे. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, खडकावरून पडणारी पांढरी भुकटी हे सगळं काळ्यावर लख्ख दिसतं. पांढरा टँक आठवडाभर न साफ करता खपतो, काळा चार दिवसांत चुगली करतो. दुसरं, पांढरी वाळू दिव्याचा बराच प्रकाश वर परतवते, काळी तो गिळते. कोरलची खालची बाजू आणि कपारी अंधाऱ्या राहतात आणि त्याच दिव्यात टँक मंद भासतो. कोरल ठेवायचे असतील तर दिवा निवडतानाच हे धरून चाला. तिसरं, काळे ऑसेलारिस क्लाउन घेणार असाल तर काळी वाळू घेऊ नका. पाण्यात नुसते पांढरे पट्टे तरंगताना दिसतील.

चौथा तोटा फारसा कुणी सांगत नाही, पण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वाळूच्या खालच्या थरात प्राणवायू संपला की तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. पांढऱ्या वाळूत काचेला लागून काळे डाग पडतात आणि तुम्ही वेळेत सावध होता. काळ्या वाळूत ते डाग दिसणारच नाहीत. म्हणून काळी वाळू उथळच ठेवायची. खोल थर हवा असेल तर तो पांढऱ्याचा करा.

आता एक गैरसमज. "काळी वाळू घेतली तर पीएच घसरेल, अ‍ॅरॅगोनाइटच पाहिजे" असं सर्रास सांगितलं जातं. अ‍ॅरॅगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि पीएच ८ च्या वर असताना ते जवळपास विरघळतच नाही. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ६.५ च्या आसपास आणावा लागतो, तेव्हा कुठे तोच माल विरघळतो. टँकमधली अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) पाणी बदलल्याने आणि डोसिंगने, म्हणजे बाहेरून क्षार घालून, टिकते, तळातल्या वाळूने नव्हे. बफरच्या भीतीने काळी वाळू टाळायचं कारण नाही. टाळायची तर तिच्यात काय मिसळलंय, या भीतीने टाळा.

काळ्या नावाखाली काय काय मिळतं

मरीन टँकसाठी म्हणूनच विकली जाणारी पॅकबंद वाळू. कॅरिबसीची हवाईयन ब्लॅक किंवा इंडो-पॅसिफिक ब्लॅक ही परिचित नावं. यांच्या पिशव्या ओल्या, 'लाइव्ह' म्हणून येतात. अ‍ॅरॅगोनाइट स्वतः पांढरा ते पिवळसर असतो, तेव्हा काळेपणा बहुतेक वेळा दुसऱ्या खनिजाचा, हे लक्षात ठेवा. पैसे परवडत असतील तर हाच मार्ग. फक्त एक काळजी घ्या. एप्रिल-मेमध्ये मुंबईहून बसच्या डिकीत टाकून लाइव्ह सँड मागवू नका. त्या उष्णतेत पिशवीतले जिवाणू मरतात आणि पिशवी उघडली की वास येतो. अशी वाळू टँकमध्ये गेली की अमोनिया वाढवते. ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा, नाहीतर कोरडी घ्या.

नैसर्गिक बेसाल्टची गोल झालेली वाळू. ज्वालामुखीच्या खडकाची, पाण्याने झिजलेली, मंद काळी किंवा करडी. चांगल्या दर्जाची मिळाली तर उत्तम चालते, पण चुंबकाची चाचणी झाल्याशिवाय नाही. ती पुढे सांगितली आहे.

रंगवलेला क्वार्ट्झ. गोड्या पाण्याच्या टँकसाठी विकली जाणारी, एकसारखी कुळकुळीत, चमकदार वाळू बहुतेक हीच असते. क्वार्ट्झच्या कणांवर रंग किंवा इपॉक्सीचा लेप. लेप चांगला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. स्वस्तातला असेल तर खाऱ्या पाण्यात काही महिन्यांत पोपडे निघतात आणि काळ्या वाळूत पांढरे ठिपके उमटतात. रंगात काय आहे ते पिशवीवर छापलेलं नसतं. फक्त मासे ठेवणार असाल तर तपासून घ्यायला हरकत नाही, कोरलसाठी आमची शिफारस नाही.

क्रशरची चुरी. इंदूरमध्ये सगळ्यांना हिचाच मोह होतो. दख्खनच्या बेसाल्टचा हा फोडलेला चुरा. खडक विषारी नाही, पण फोडलेल्या कणाच्या कडा धारदार असतात. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळणारा डायमंड गोबी, रात्री वाळूत घुसून झोपणारे हॅलिकोरीस रास (wrasse) मासे, बीळ करणारा जॉफिश यांना त्या कडांनी जखमा होतात. वर यंत्राचं तेल, अतोनात बारीक पूड आणि मॅग्नेटाइटचे कण. फुकट मिळाली तरी नको.

कोकणातली काळी पुळण. रत्नागिरीच्या बाजूला वाळूला जो काळेपणा येतो तो इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजांमुळे. ही खनिजं जड असतात आणि त्यांतलं मॅग्नेटाइट चुंबकाला घट्ट चिकटतं. शिवाय सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांनुसार किनाऱ्यावरची वाळू उपसायला मनाई आहे. "एवढीशी पिशवी" असं म्हणूनही आणू नका.

कॉपर स्लॅग. खरा धोका इथे आहे. तांबं गाळताना उरणारी काळी, काचेसारखी चकाकणारी मळी. लोखंडावरचा गंज उडवायला ब्लास्टिंगवाले ती वापरतात, आणि पीथमपूर-सांवेर रोडसारख्या औद्योगिक भागात ब्लास्टिंगचा माल हाताशी असतो. दिसायला सगळ्यांत देखणी आणि स्वस्तही. तिच्यात तांब्याचा अंश राहिलेला असतो. माशांच्या परजीवींवर तांब्याचा औषध म्हणून जो डोस देतात तो लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असतो, आणि झिंगे, गोगलगाई, कोरल यांना त्याहून कितीतरी कमीही सोसत नाही. एकदा तांबं खडकात आणि सिलिकॉनमध्ये मुरलं की तो टँक अपृष्ठवंशी जिवांसाठी जवळपास कायमचा बाद. "ब्लास्टिंगवाली सँड आहे, सगळे घेतात" असं कुणी म्हणालं की तिथून निघा.

नर्मदेची बांधकामाची रेती काळी नसतेच. क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि बेसाल्टचे तुकडे यांची ती खिचडी असते आणि मातीचं प्रमाण मोठं. तीत वेळ घालवू नका.

एक किलोवर करायच्या चाचण्या

पहिली बोटांची. चिमूटभर ओली वाळू अंगठा आणि तर्जनीत धरून हलकी चोळा. टोचली, कातडीवर ओरखडा उठला, तर वाळू खाली ठेवा. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर साधं भिंग धरून कण बघा. कडा गोल हव्यात. काचेसारखा चकचकीत, कोनाकोनांचा, मधेच बुडबुड्यांची भोकं असलेला कण दिसला तर तो स्लॅग समजा.

दुसरी चुंबकाची. काच पुसायचा मॅग्नेट क्लीनर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि परातीत पसरलेल्या कोरड्या वाळूवरून सावकाश फिरवा. पाच-दहा कण चिकटले तर चालेल. केसाळ गुच्छ लोंबला तर ही वाळू नाही म्हणजे नाही. त्याचं कारण गंज एवढंच नाही. असे कण काच पुसताना क्लीनर आणि काच यांच्यात अडकतात आणि एका फटक्यात लांबलचक ओरखडा पाडतात, तो निघत नाही. वेव्हमेकरच्या, म्हणजे टँकमध्ये प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या, रोटरमध्येही चुंबक असतं. कण आत ओढले जातात, आधी खरखर ऐकू येते आणि मग शाफ्ट झिजतो. अ‍ॅक्रिलिकचा टँक असेल तर पाच-दहा कणांनाही माफी नाही.

तिसरी व्हिनेगरची. काचेच्या वाटीत दोन चमचे वाळू, वर बुडेल एवढं पांढरं व्हिनेगर. भरपूर फेस आला तर त्यात कार्बोनेट आहे, म्हणजे चांगलं. काहीच झालं नाही तर वाळू निष्क्रिय, तेही चालतं. आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेलं असतं, त्यामुळे क्रशरच्या चुरीतूनही दोन-चार बुडबुडे येतात. त्यावरून कुणी "हे बघा, अ‍ॅरॅगोनाइट" म्हणालं तर मानू नका. वाटी तशीच झाकून २४ तास ठेवा. व्हिनेगरला निळसर-हिरवट झाक आली तर तांब्याचा संशय घ्या, तांबूस-पिवळी आली तर लोहाचा. दोन्हींत वाळू बाद. झाक आली नाही म्हणून तांबं नाहीच असं मात्र नव्हे, त्याचा निकाल पाचव्या चाचणीत.

चौथी रंगाची. पांढऱ्या सुती फडक्यावर नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन घ्या आणि वाळू जोरात घासा. फडकं काळं झालं तर लेप कच्चा. दुसरी मूठ उकळत्या पाण्यात टाकून गार होऊ द्या. पाण्यावर पापुद्रे तरंगले, तवंग दिसला किंवा रंगाचा वास आला तर पिशवी परत करा.

पाचवी खरी कसोटी आहे आणि ती चुकवायची नाही. खाण्याच्या वस्तू ठेवायच्या दर्जाच्या दोन बादल्या घ्या. १० लिटर आरओ पाण्यात ३५० ते ३८० ग्रॅम मरीन सॉल्ट घालून खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर आणा, दिवसभर फिरवा आणि दोन्ही बादल्यांत ५-५ लिटर ओता. एकीत धुतलेली १ किलो वाळू, दुसरी नुसत्या पाण्याची. दोन्हींत एअरस्टोन लावा, वर झाकण ठेवा आणि बाहेरून मार्करने पाण्याची पातळी आखा. इंदूरच्या कोरड्या हवेत पाणी पटकन उडतं. रेघेखाली गेलं की तेवढं आरओ पाणी घाला, नाहीतर सगळे आकडे खोटे येतील. अल्कलिनिटी, पीएच, फॉस्फेट आणि तांबं हे सुरुवातीला, तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी मोजा.

दोन बादल्यांतला फरक बघायचा, नुसता आकडा नाही. नुसत्या पाण्याच्या बादलीतही फॉस्फेट आलं तर दोष मिठाचा किंवा पाण्याचा आहे. अल्कलिनिटीत अर्ध्या डीकेएचपर्यंत (अल्कलिनिटीचं एकक) फरक किरकोळ. ताज्या अ‍ॅरॅगोनाइटवर थोडं कार्बोनेट बसतं आणि आकडा किंचित खाली येतो, त्याने घाबरू नका. वाळूच्या बादलीत फॉस्फेट ०.०५ पीपीएमपेक्षा जास्त चढलं तर पुन्हा धुऊन हीच चाचणी परत करा. तांब्याच्या किटवर पुसटसाही रंग आला तर पुढचा विचार नको.

दाणा आणि वजन

फक्त मासे आणि मध्यम प्रवाह असेल तर ०.५ ते १ मिमीचा दाणा छान दिसतो आणि वाळू गाळणाऱ्या गोबीलाही तो पेलतो. कोरल आणि दोन-तीन वेव्हमेकर असतील तर १ ते २ मिमी घ्या, नाहीतर रोज सकाळी एका कोपऱ्यात टेकडी आणि दुसऱ्यात उघडी काच. अर्ध्या मिमीच्या खालचं उडतं. ३ मिमीच्या वर फटींत घाण साठते आणि काळ्यात ती वरून दिसते पण हाताला लागत नाही.

थर अडीच ते चार सेंटिमीटर. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या खोल थरात नायट्रेट कमी करणारे जिवाणू वसतात, पण त्यात वर सांगितलेला सल्फाइडचा धोका आहे. पाच ते नऊ सेंटिमीटर ही तर अगदीच अडनिडी जाडी: घाण साठवण्याइतकी जाड आणि नायट्रेट संपवण्याइतकी नाही.

हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. आलेल्या लिटरला दीडने गुणलं की किलो. तीन फुटी टँक, ९० बाय ४५, थर ४ सेंटिमीटर: १६.२ लिटर, म्हणजे साधारण २४ किलो. खडकाखालची जागा वजा केली की २० किलो पुरते. दोन फुटी, ६० बाय ४५ ला १६ किलोचे खडकाच्या हिशोबाने १३-१४. चार फुटी, १२० बाय ४५ ला ३२ चे २६-२७. दोन किलो जास्तीची घेऊन कोरडी करून ठेवा. पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल याची खात्री नसते.

अख्खा काळा तळ नको असेल तर दोन भाग काळी आणि एक भाग अ‍ॅरॅगोनाइट असं मिश्रण फार सोयीचं पडतं. तीळ-खसखशीसारखं दिसतं आणि त्यात माशांची विष्ठा लपते. अट एकच, दोन्हींचा दाणा सारखा हवा. नाहीतर महिन्याभरात बारीक खाली आणि जाड वर अशी फारकत होते. खरं सांगायचं तर बहुतेक घरांसाठी शुद्ध काळ्यापेक्षा हेच मिश्रण चांगलं, दोन वर्षांनीही ते बरं दिसतं.

धुणं

लाइव्ह सँड धुवायची नाही. पिशवीतलं पाणी ओतून द्या आणि वाळू थेट टँकमध्ये जाऊ द्या.

कोरडी काळी वाळू मात्र सोशिकपणे धुवावी लागते. बेसाल्टची पूड इतकी बारीक असते की नीट न धुतलेल्या टँकचं पाणी आठवडाभर शाईसारखं राहतं. चाळायची असेल तर ओली चाळा. कोरडी चाळाल तर तोंडाला मास्क बांधा, क्वार्ट्झ असो की बेसाल्ट, ती धूळ फुप्फुसांत जायला नको.

२० लिटरच्या बादलीत एका वेळी ५ किलोच घ्या. होसपाइप तळापर्यंत खुपसा, हाताने ढवळा, गढूळ पाणी वरून वाहू द्या. दहा-बारा वेळा करा. शेवटी पाण्याचा ग्लास भरून पांढऱ्या कागदासमोर धरा. कागद स्वच्छ दिसला की थांबा. नर्मदेचं नळाचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा पाण्याच्या दिवशीच हे काम काढा. नळातलं क्लोरीन कोरड्या वाळूला काही करत नाही. बोअरिंगचं पाणी वापरलंत तर सुकल्यावर कणांवर पांढरी पापडी धरते. साबण नको. संडासाचं अ‍ॅसिड तर अजिबात नको, ते अ‍ॅरॅगोनाइट खातं आणि खनिजांतले धातू मोकळे करतं.

शेवटचं खंगाळणं प्रत्येक ५ किलोला २-३ लिटर आरओ पाण्याने. इथे स्वयंपाकघरातल्या आरओबद्दल दोन गोष्टी. त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर तो कच्चं पाणी परत मिसळतो, तो बंद करा. आणि 'कॉपर' म्हणून हल्ली जो काडतुसाचा प्रकार मिळतो तो पाण्यात मुद्दाम तांबं सोडतो. माणसाला असेल चांगलं, मरीन टँकला विष. ते काडतूस काढून टाका किंवा त्याच्या आधीच्या नळीतून पाणी घ्या. पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) बसवलं आणि टीडीएस ० ते ५ दाखवला की ते पाणी मीठ घालण्याजोगं.

अंथरणं

खडक आधी, वाळू नंतर. खडक थेट काचेवर नको, खाली पातळ अ‍ॅक्रिलिकचा पत्रा किंवा लाइट ग्रिडची जाळी ठेवा. खडक वाळूवर ठेवला आणि पिस्टल श्रिंप किंवा गोबीने खालून बीळ केलं, तर एका रात्रीत अख्खी रचना कोसळते, कधी काचेवरच.

रिकाम्या टँकमध्ये वाळू हाताने खडकांभोवती पसरा. पुढच्या काचेला लागून अडीच, मागे चार सेंटिमीटर, म्हणजे घाण पुढे घरंगळते आणि सायफनला सोपी जाते. वर एक ताट किंवा जाड प्लास्टिक ठेवून खारं पाणी त्याच्यावर सावकाश ओता. टँक आधीच भरलेला असेल तर दोन इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा धरा आणि ओली वाळू वरून पाइपात सोडा. पंप बंद ठेवूनच.

पाणी गढुळेल. रात्रभर तसंच ठेवा, मग १०० मायक्रॉनची फिल्टर सॉक किंवा कापूस लावून रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत सोडणारा) चालू करा. सॉक पहिल्या दिवशी दोनदा बदला. वेव्हमेकर पहिले दोन दिवस बंद. नंतर तो पाण्याच्या वरच्या तिसऱ्या भागात, तोंड पृष्ठभागाकडे करून, सगळ्यांत कमी वेगावर लावा आणि तीन-चार दिवसांत वाढवत न्या. काच उघडी पडली की एक पायरी मागे या.

खारटपणा २५ अंशाला १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. मे महिन्यात खोलीचं तापमान चाळिशीकडे जातं तेव्हा टँक २७-२८ च्या वर जाऊ द्यायचा नाही. पृष्ठभागावर पंखा सोडा. कोरड्या हवेत त्याने दोन-तीन अंश सहज उतरतात, फक्त उडालेलं पाणी आरओने रोज भरावं लागतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच पंखा निम्मा कामाचा. काळ्या वाळूने पाणी तापतं अशी शंका अनेकांना येते. एलईडीच्या प्रकाशात तो फरक नगण्य आहे, उष्णता खोलीतून येते.

पहिले दोन महिने

कोरडी काळी वाळू निर्जीव असते आणि अ‍ॅरॅगोनाइटइतकी सच्छिद्रही नसते, त्यामुळे जिवाणूंचा मुख्य भार खडकावर पडतो. मासे सोडण्याआधी बाटलीतले जिवाणू घाला, अमोनिया २ पीपीएमपर्यंत चढवा आणि २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. तीन ते सहा आठवडे धरा. ओळखीच्या जुन्या टँकमधली कपभर वाळू मिळाली तर वेग येतो, पण एपटेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) आणि नको ते किडेही सोबत येऊ शकतात.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात डायटम येतील. "सिलिकाची वाळू म्हणून आले" हे निदान बहुधा चुकीचं. क्वार्ट्झ समुद्री पाण्यात इतक्या सावकाश विरघळतो की त्याने डायटम पोसत नाहीत. सिलिकेट येतं ते संपलेल्या डीआय रेझिनमधून किंवा आरओच्या जुन्या मेम्ब्रेनमधून. टीडीएस आधी बघा, वाळूला दोष नंतर द्या. लालसर, मऊ, पापुद्र्यासारखा निघणारा थर दिसला तर तो सायनो (सायनोबॅक्टेरिया). काळ्यावर तो उशिरा लक्षात येतो, म्हणून मोबाइलचा टॉर्च आडवा धरून आठवड्यातून एकदा बघा.

अमोनिया शून्य झाल्यावर पहिले रहिवासी म्हणून नासारियस आणि सेरिथ गोगलगाई चार-पाच सोडा आणि आठवडाभर थांबा. तांबं राहिलं असेल तर ते महागडा झिंगा सोडण्याआधी कळलेलं बरं. गोगलगाई हलत नाहीत, पाय आत ओढून पडून राहतात, असं दिसलं की त्या काढा आणि तांबं पुन्हा मोजा. वाळू साफ ठेवायला समुद्रकाकडी घ्या असा सल्ला परदेशी व्हिडिओंमधून मिळतो. भारतात समुद्रकाकड्या आणि कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी 'करून देतो' म्हणालं तरी घेऊ नका.

सांभाळणं

दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी १० टक्के पाणी बदलताना वाळूचा चौथाच भाग सायफनने उपसा. महिन्याभरात एक फेरी पूर्ण होते आणि सगळे जिवाणू एकदम ढवळले जात नाहीत. सायफनची नळी दाबून-सोडून धरा. बेसाल्टचे कण जड, ते लगेच खाली बसतात आणि घाण वर जाते. खडकाच्या पायथ्याशी टर्की बेस्टर किंवा मोठी सिरिंज घेऊन फुंकर मारा, पंप चालू असताना.

साफ करताना सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथेच थांबा. वाळू ढवळू नका. नळी त्या जागेवर उभी खुपसून तेवढी वाळू पाण्यासकट बाहेर काढा, खोलीच्या खिडक्या उघडा, कार्बनची पिशवी टाका आणि पंपाचा वेग वाढवा. थर तिथे चार सेंटिमीटरच्या वर गेलेला असणार, प्रवाहाने ढीग केलेला असतो.

काळ्यावर पांढरे ठिपके वाढत जातील. कोरलाइन या कठीण, चुनखडीच्या शेवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, नळीतल्या किड्यांची घरं. पहिल्या वर्षी हात शिवशिवतात, पण ते वेचत बसू नका. ठिपका कशाचा हे मात्र ओळखा. नखाने फुटला तर कोरलाइन किंवा शिंपला. फुटत नाही आणि बोटाखाली काचेसारखा पांढरा कण लागतो, तर तो लेप निघालेला क्वार्ट्झ. असे कण महिन्यागणिक वाढत असतील तर वाळू बदलायची तयारी करा.

चालू टँकमधली वाळू बदलताना

एकदम उपसली तर अमोनिया चढतो आणि मासे जातात. चार भाग करा, दर दोन आठवड्यांनी एक भाग. पाणी बदलायच्या दिवशी एक इंची नळीने जुनी वाळू पाण्यासकट बादलीत ओढून घ्या. फावड्याने किंवा हाताने उचलू नका, त्याने साठलेली घाण टँकभर पसरते. १० टक्के पाण्यात जेवढी निघेल तेवढीच. मग धुतलेली नवी वाळू पीव्हीसी पाइपातून त्या जागी सोडा. जुन्या-नव्याच्या सीमेवर अ‍ॅक्रिलिकची पट्टी उभी ठेवली तर दोन रंग मिसळत नाहीत. अमोनिया पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी मोजा. ०.२५ पीपीएम दिसला तर पुढचा भाग आठवडाभर पुढे ढकला आणि त्या काळात खाणं निम्मं करा. वाळूत झोपणारा रास असेल तर त्याचा कोपरा सगळ्यांत शेवटी घ्या, आणि काम दिवसा, तो बाहेर हिंडत असतानाच करा.